मदत हवी आहे: वाचनालयाच्या देवघेवीच्या नोंदी उघडत नाहीत

वाचनालय_सेवक
आमच्या वाचनालयातील पुस्तकांच्या देवघेवीचे सॉफ्टवेअर कालपासून सुरू होताच बंद पडते. ते दोनदा काढून पुन्हा बसवले, तरी फरक नाही. सोमवारी वर्गणीदार येतील तेव्हा कोणाकडे कोणते पुस्तक आहे हे आम्हाला सांगता येणार नाही. कृपया त्वरित उपाय सुचवावा.

रानवाटा
बंद पडताना पडद्यावर कोणते वाक्य येते, नोंदी कशात साठवल्या जातात आणि शेवटचा बॅकअप केव्हाचा आहे, हे कळल्याशिवाय काही सुचवणे योग्य होणार नाही.

वाचनालय_सेवक
'डेटाबेस डिस्क इमेज इज मालफॉर्म्ड', म्हणजे नोंदींची फाइल बिघडली आहे, असे येते. नोंदी एस्क्यूलाइट या डेटाबेस प्रणालीच्या एका फाइलमध्ये आहेत. बॅकअप मार्चमधला आहे.

निळूभाऊ
फाइलवर एस्क्यूलाइटची 'व्हॅक्यूम' ही आज्ञा चालवा. माझ्या दुकानाच्या हिशेबाची फाइल त्यानेच सुधारली होती.

रानवाटा
निळूभाऊ, व्हॅक्यूम संपूर्ण फाइल नव्याने लिहितो, त्यामुळे बिघडलेल्या मूळ फाइलवर तो चालवणे धोक्याचे आहे. आधी फाइलची प्रत काढावी आणि प्रतीवर 'प्राग्मा इंटिग्रिटी_चेक' ही फाइल तपासणारी आज्ञा चालवावी. केवळ इंडेक्समध्ये, म्हणजे नोंदी चटकन शोधण्याच्या सूचीत, ओळी नसल्याचे दिसले, तर ती सूची नव्याने बनवणारी 'रीइंडेक्स' ही आज्ञा पुरते. नुकसान त्याहून खोल असेल, तर बिघडलेल्या फाइलमधून शक्य त्या नोंदी काढणारी, एस्क्यूलाइटच्या 2019 मधील 3.29 आवृत्तीपासून मिळणारी '.रिकव्हर' ही आज्ञा वापरावी. सर्व नोंदी मजकूर फाइलमध्ये उतरवणाऱ्या '.डंप' या आज्ञेत चूक आढळली की त्या फाइलच्या शेवटी 'रोलबॅक', म्हणजे केलेले सर्व रद्द करा, असे लिहिले जाते आणि ती फाइल तशीच चालवल्यास हाती काहीच लागत नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

निळूभाऊ
माझा अनुभव वेगळा आहे, पण प्रत काढण्याबद्दल मी सहमत आहे.

अक्षरयात्री
वाचनालयाने कोहा वापरावे, असे माझे आग्रहाचे मत आहे. न्यूझीलंडमधील एका ग्रंथालयासाठी तयार झालेली ही मुक्त ग्रंथालय प्रणाली 2000 पासून वापरात आहे आणि तिच्या नोंदी मायएस्क्यूएल किंवा मारियाडीबी या डेटाबेस प्रणालींमध्ये राहतात.

रानवाटा
सूचना चांगली आहे, परंतु सोमवारपर्यंत ते होणार नाही. सेवक, बिघाडाआधी वीज गेली होती का, आणि त्या फोल्डरमधून कोणी काही हलवले किंवा काढले का?

वाचनालय_सेवक
गुरुवारी सायंकाळी नोंदी चालू असतानाच वीज गेली. काल सकाळी सॉफ्टवेअर सुरू करण्यापूर्वी मी फोल्डर आवरला. त्यात त्याच नावाच्या, शेवटी '-डब्ल्यूएएल' आणि '-एसएचएम' असलेल्या दोन फाइली होत्या. त्या निरुपयोगी समजून मी काढून टाकल्या. याचा संबंध असेल असे वाटले नाही.

रानवाटा
संबंध बहुधा त्याचाच आहे. एस्क्यूलाइटच्या डब्ल्यूएएल पद्धतीत नवी नोंद आधी '-डब्ल्यूएएल' फाइलमध्ये लिहिली जाते आणि अधूनमधून मुख्य फाइलमध्ये उतरवली जाते. उतरवणे चालू असताना वीज गेली, तर मुख्य फाइल अर्धवट राहते आणि पुढच्या वेळी उघडताना उरलेले काम '-डब्ल्यूएएल' वाचूनच पूर्ण होते. ती फाइल रिसायकल बिनमध्ये असेल, तर परत आणून मुख्य फाइलच्या प्रतीशेजारी ठेवा, मात्र दोन्ही नावे जुळलेली असावीत. हे केवळ प्रतीवरच करा, कारण दरम्यान मुख्य फाइलमध्ये काही लिहिले गेले असेल, तर जुनी '-डब्ल्यूएएल' नुकसान वाढवेल.

निळूभाऊ
आणि ती सापडलीच नाही तर '.रिकव्हर' आहे ना?

रानवाटा
आहे, पण त्यात पूर्वी पुसलेल्या नोंदीही परत येऊ शकतात. परत आलेले पुस्तक पुन्हा थकीत दिसेल, म्हणून ती यादी कपाटाशी ताडून पाहावी लागेल.

वाचनालय_सेवक
'-डब्ल्यूएएल' फाइल रिसायकल बिनमध्ये सापडली. प्रतीजवळ ठेवून तपासणी केली, तेव्हा 'ओके' हे उत्तर आले आणि गुरुवारी दुपारच्या नोंदीही दिसल्या. आपला फार आभारी आहे. आता रोजचा बॅकअप घेताना तिन्ही फाइली एकत्र घ्याव्यात का?

रानवाटा
सॉफ्टवेअर चालू असताना फाइलींची नुसती नक्कल करू नका. '.बॅकअप' ही आज्ञा वापरा, ती चालू डेटाबेसचीही सुसंगत प्रत एकाच फाइलमध्ये देते.