चर्चा: प्लॅटिपसची पैदास पिंजऱ्यात की नदीत?

डोहकाठ
प्लॅटिपसची (ऑस्ट्रेलियातल्या नद्यांत राहणारा, अंडी घालणारा सस्तन प्राणी) बंदिस्त पैदास हा दिखाऊ खर्च आहे, असं माझं ठाम मत. व्हिक्टोरियातल्या हिल्सव्हिल अभयारण्यात निसर्गतज्ज्ञ डेव्हिड फ्ले यांनी १९४३ साली जॅक-जिल या जोडीपासून पहिलं पिल्लू मिळवलं. १९७२ मध्ये आणखी एक झालं, ते जगलं नाही. नीट वाढलेली पुढची पिल्लं तिथे १९९८-९९ च्या हंगामात. मधली पन्नास वर्षं कोरडी! मादी वर्षातून एकदा, बहुधा दोनच अंडी घालते. या वेगाने कुठली नदी भरणार? त्यापेक्षा काठावर झाडं लावा आणि यॅबी (शेवंडाच्या जातकुळीतले गोड्या पाण्यातले जीव) पकडायचे बंद सापळे हटवा. आत शिरलेला प्लॅटिपस काही मिनिटांत गुदमरतो. व्हिक्टोरियाने २०१९ मध्ये आणि न्यू साउथ वेल्सने २०२१ मध्ये त्यांवर बंदी घातली, तिचा उपयोग कुठल्याही टाकीपेक्षा जास्त.

लव्हाळे
सापळ्यांबद्दल पूर्ण सहमत, पण त्या पन्नास वर्षांचा अर्थ तुम्ही उलटा लावताय. नुसती स्वच्छ टाकी आणि लाकडी खोकं दिलं की प्राणी जगतो, पण त्याची पैदास होत नाही. मादीला आकार धरणारी, किंचित ओलसर मातीची उंच दरड लागते. माती भुसभुशीत असेल तर बोगदा ढासळतो, फार ओली असेल तर घरटं भिजतं. पाण्यात पानं आणि लव्हाळ्याच्या काड्या सोडाव्या लागतात. मादी ती शेपटीखाली मुडपून बिळात ओढून नेते. या भिजलेल्या पाल्याचा ओलावा नसेल तर अंडी सुकतात.

नर हंगामापुरताच, म्हणजे ऑगस्टच्या सुमारास, सोडायचा. मादी टाळत असेल तर लगेच वेगळा करायचा, कारण याच काळात त्याच्या मागच्या पायांच्या आरीतलं (टोकदार काट्यातलं) विष जोरात असतं. मीलन झालं की पिल्लं वाढवण्यात त्याचं काही काम उरत नाही.

मग खरी परीक्षा सांभाळणाऱ्याची. मादी बिळाचं तोंड मातीने बुजवते, अंडी पोट आणि शेपटीच्या मध्ये धरून सुमारे १० दिवस उबवते. ती काही दिवस बाहेरच आली नाही तर घाबरून खणायचं नाही! नंतर बाहेर येऊन तिचं खाणं वाढत गेलं, तर आत पिल्लं आहेत असं समजायचं. दूध पाजणारी मादी दिवसाला जवळजवळ स्वतःच्या वजनाइतकं खाते. तेव्हा जिवंत यॅबी, गांडुळं, अळ्या यांचा साठा आधीच हवा. ऐन वेळी शोधायला निघालात तर दूध आटलंच म्हणून समजा.

डोहकाठ
म्हणजे एका-दोन पिल्लांसाठी तीन-चार महिने एवढा खटाटोप! आणि आई मेली तर? तिला स्तनाग्रं नाहीत, पिल्लं पोटावरच्या केसांत झिरपणारं दूध चाटतात. त्या कोवळ्या वयात हाताने वाढवणं फारच अवघड.

सुसरबाई
दोघंही एक गोष्ट सोडताय. २०२३ च्या मे महिन्यात सिडनीजवळच्या रॉयल नॅशनल पार्कमध्ये १० प्लॅटिपस सोडले, ते पिंजऱ्यात जन्मलेले नव्हते, रानातून पकडून हलवलेले होते. पुढे तिथे पिल्लूही सापडलं. मग पैदास कशाला?

लव्हाळे
त्यांना हलवण्याआधी ठेवलं कुठे होतं? टारोंगा प्राणिसंग्रहालयात. २०१९ च्या दुष्काळात कॅनबेराजवळच्या टिडबिनबिला अभयारण्यातले डोह आटले तेव्हा तिथले ७ प्लॅटिपसही टारोंगानेच सांभाळले आणि पाणी परतल्यावर माघारी पाठवले. पाणी किती थंड, खाणं किती, दोन नर शेजारी ठेवायचे की नाही, हे कुणीतरी आधी बंदिस्त ठेवूनच शिकलं ना? मी पैदास करून नद्या भरा म्हणतच नाही.

डोहकाठ
ठेवायला शिकणं वेगळं, पैदास वेगळी. पहिल्याला माझा विरोध नाही. दुष्काळी छावणी म्हणून टाक्या बांधा. फक्त तिकीटखिडकीच्या बोर्डावर 'प्रजाती वाचवतोय' असं लिहू नका.

लव्हाळे
बोर्डाचं मान्य. पण हंगाम आला की मादीला दरड द्यायची की नाही, तेवढं सांगा.