अमेरिकेतलं फ्युनरल होम आणि घरातली लहान मुलं: आधी काय काय विचारून ठेवायचं?

मेधा_मदतगट

नमस्कार मंडळी,

आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी मंडळाचा एक छोटा मदतगट आहे. कुणाच्या घरी मृत्यू झाला की पहिला फोन बहुतेक आमच्यापैकीच कुणाला तरी येतो. गुरुजी ठरवणं, जेवणाचे डबे, नातेवाइकांना विमानतळावरून आणणं हे सगळं आता सवयीने होतं. अडतं ते दोन ठिकाणी. फ्युनरल होममध्ये (अंत्यविधीची सगळी व्यवस्था करणाऱ्या व्यावसायिक संस्थेत) बसलं की समोर कागदांचा गठ्ठा येतो आणि घरचे "तुम्ही म्हणाल तसं" म्हणत सह्या करतात. दुसरं म्हणजे मुलं. त्यांचं काय करायचं हे कुणालाच सुचत नाही, मग शेजारच्या घरी टीव्हीसमोर बसवून ठेवतात.

गटासाठी टिपण करायचं आहे. उदाहरण म्हणून असं घर धरा: चाळिशीतले वडील अचानक गेले, मागे पत्नी, ५ वर्षांची मुलगी, ११ वर्षांचा मुलगा, आजी-आजोबा पुण्याहून निघालेत. फ्युनरल होम आपणहून काय करतं, आणि काय विचारलं तरच करतं? मुलांना अंत्यदर्शनाला न्यावं का? दहनाला? माहीतगारांनी नेमकं सांगावं.

---

वामनकाका

मेधाताई, तरुण माणूस अचानक गेला की देह बहुतेक वेळा आधी मेडिकल एक्झामिनरच्या (मृत्यूचं कारण तपासणाऱ्या सरकारी डॉक्टरच्या) ताब्यात जातो. त्यांनी सोडल्याशिवाय फ्युनरल होमला आणता येत नाही. म्हणून गुरुजींना वेळ देण्याआधी "रिलीज मिळाली का?" हे विचारा. शवविच्छेदन झालं असेल तर तेही फ्युनरल होमच्या डायरेक्टरला (व्यवस्थापकाला) विचारून घ्या. टाके छातीवर आणि डोक्याच्या मागच्या बाजूला असतात, चेहरा शाबूत असतो. बंद गळ्याचा सदरा किंवा नेहरू शर्ट आणि डोक्याला टोपी किंवा फेटा दिला की काही दिसत नाही. अशा वेळी घरच्यांनी अंघोळ घालायचा हट्ट धरू नये. मुखात गंगाजल, कपाळाला गंध, पायांवर पाणी एवढंच करावं.

पैशांचं. १९८४ पासून फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित पाहणाऱ्या सरकारी संस्थेचा फ्युनरल रूल लागू आहे. तुम्ही प्रत्यक्ष जाऊन चौकशी केलीत की जनरल प्राइस लिस्ट (छापील दरपत्रक) हातात द्यावीच लागते आणि फोनवर भाव विचारले तर सांगावे लागतात. ज्याला टाळता येत नाही असं एकच मूळ सेवाशुल्क असतं, बाकी हवं तेवढंच निवडता येतं. एम्बाल्मिंग (देह टिकावा म्हणून आत रसायनं भरणं) कायद्याने सक्तीचं आहे असं खोटं सांगता येत नाही. आजी-आजोबा दोन-तीन दिवसांत पोचणार असतील तर शीतकपाट पुरतं, फक्त त्याचा दररोजचा दर विचारा. जाहीर दर्शनासाठी एम्बाल्मिंग हवंच, असा काही ठिकाणी त्यांचा स्वतःचा नियम असतो. पण घरच्या दहा-पंधरा जणांचं छोटं खासगी दर्शन पुष्कळदा त्याशिवाय करून देतात. विचारावं मात्र लागतं.

दहनासाठी महागडी शवपेटी विकत घ्यावी लागत नाही. जाड पुठ्ठ्याची किंवा प्लायवूडची साधी पेटी चालते. चारचौघांत पुठ्ठा दिसू नये असं वाटत असेल तर भाड्याची शवपेटी मागा. तिच्या आत सुटी पेटी बसवलेली असते, दर्शनानंतर ती तेवढी सरकवून दहनाला जाते. हा पर्याय बऱ्याच जणांना ठाऊकच नसतो.

न्यू जर्सीत फ्युनरल होमला स्वतःचं क्रिमेटोरियम (दहनगृह) ठेवता येत नाही. दोन्ही जागा वेगळ्या, वेळा वेगळ्या, पावत्याही वेगळ्या. क्रिमेटोरियमची वेळ ठरलेली असते. हॉलमध्ये मंत्र लांबले, भाषणं लांबली की तिकडची वेळ जाते आणि मग सगळं घाईत उरकावं लागतं. गुरुजींना मिनिटं सांगूनच ठेवा. दहन समोर पाहायचं असेल तर "विटनेस क्रिमेशन" असं शब्दात मागा आणि आत किती माणसं सोडतात ते विचारा. आकडा लहान असतो.

दहनाच्या पेटीत काय चालतं: फुलं, तुळस, तांदूळ, तीळ, चंदनाचे बारीक तुकडे, दोन-चार चमचे तूप. काचेची बाटली, स्टीलची वाटी, अख्खा नारळ, बॅटरीचं काहीही चालत नाही. पेसमेकर असेल तर सांगितलंच पाहिजे, भट्टीत त्याचा स्फोट होतो, म्हणून आधी काढतात. अंगठी, जानव्यातली किल्ली, गळ्यातली साखळी आधी काढून, सही घेऊन घरच्यांच्या हाती द्या. कापूर हॉलमध्ये पेटवला की धुराचा अलार्म वाजतो. आधी विचारलं तर काही जण डायरेक्टर शेजारी उभा राहून छोटी समई लावू देतात. मडकं फोडायचं असेल तर बाहेरची जागा ठरवून घ्या आणि खाली जाड ताडपत्री अंथरा, नाहीतर पाणी आणि खापऱ्या त्यांच्या फरशीवर होतात.

---

सुनीता_समुपदेशक

मी मुलांपुरतं लिहिते. सगळ्यात मोठी चूक शब्दांची होते.

आपण "देवाघरी गेले", "झोपले", "तारा झाले" म्हणतो. ५ वर्षांचं मूल हे शब्दशः घेतं. देवाघरी गेले तर परत कधी येणार, मला का नेलं नाही? झोपले म्हटलं तर त्या रात्रीपासून मूल झोपायला घाबरतं. इथे वाढलेल्या मुलांना "वारले" कळत नाही आणि "मेले" हा शब्द घरात कुणाच्या तोंडून निघत नाही. अशा वेळी त्यांच्या रोजच्या भाषेतला "डाय" हा शब्द सरळ वापरा आणि मराठीत अर्थ सांगा: "बाबा डाय झाला. म्हणजे त्याचं शरीर पूर्ण बंद पडलं. हृदय चालत नाही, श्वास नाही, त्याला भूक लागत नाही, थंडी वाजत नाही, दुखत नाही. तो परत येऊ शकत नाही." एवढं एकदा सांगून भागत नाही. या वयाला मृत्यू कायमचा असतो हे पटायला वेळ लागतो, तोच प्रश्न वीस वेळा येईल आणि वीस वेळा तेच उत्तर द्यायचं. शक्य असेल तर आईनेच सांगावं, शेजारी आणखी एक मोठं माणूस बसलेलं असावं.

दुसरं वाक्य न विसरता सांगायचं: "तू काही केलंस म्हणून हे झालं नाही." आदल्या दिवशी भांडण झालं, मनात राग आला, म्हणून बाबा गेला असं लहान मुलांना खरोखर वाटतं आणि ती ते बोलून दाखवत नाहीत.

दर्शनाला न्यावं का? विचारा, आणि विचारण्याआधी तिथे काय दिसणार आहे ते सांगा. नुसतं "येतेस का?" याला अर्थ नाही, कशाला हो म्हणायचं हेच तिला माहीत नसतं. असं सांगा: "एक मोठी खोली आहे, खूप फुलं असतील, लोक रडत असतील. बाबा एका लांब पेटीत असेल. डोळे मिटलेले असतील. हात लावलास तर गार आणि कडक लागेल. तो जरा वेगळा दिसेल, कारण त्याचं शरीर बंद आहे." मग ठरवू द्या. नको म्हणाली तर नको, तासाभराने हवं म्हणाली तर हवं. दारापर्यंत जाऊन परत फिरली तरी कुणी समजावत बसू नये.

एक बारीक गोष्ट, पण फार महत्त्वाची. अमेरिकन शवपेटीचं झाकण दोन भागांत असतं, दर्शनाला फक्त वरचा भाग उघडतात. लहान मुलं पाहतात आणि विचारतात, "बाबाचे पाय कुठे आहेत?" पाय कापले असं समजून गप्प बसलेली मुलंही असतात. डायरेक्टरला आधी सांगा की मुलांच्या वेळेला खालचाही भाग उघडा आणि पांघरूण पावलांपर्यंत दिसू द्या. पायांत मोजे घालून ठेवायला सांगा. चांगला डायरेक्टर हे लगेच करतो.

मुलांचं दर्शन गर्दीच्या आधी घ्या. वीस मिनिटं, फक्त घरचे. गुडघ्याइतकी पायरी किंवा स्टूल मागा, नाहीतर ५ वर्षांच्या मुलीला कुणीतरी काखेत धरून पेटीवर वाकवतं आणि ते भीतीदायक असतं. बऱ्याच फ्युनरल होममध्ये मुलांसाठी वेगळी खोली असते, तिथे कागद, रंग, खाऊ असतो. नसेल तर एक खोली मागून घ्या आणि सामान तुम्ही न्या. प्रत्येक मुलामागे एक मोठं माणूस ठरवा, जे मूल म्हणालं की त्या क्षणी त्याला घेऊन बाहेर पडेल. हे माणूस आई नसावी, आजीही नसावी. त्यांना शेवटपर्यंत तिथेच थांबायचं असतं.

पेटीत ठेवायला चित्र किंवा पत्र देऊ द्या, पण आधी त्याचा फोटो किंवा झेरॉक्स काढून ठेवा. पुढे ते मूल "मी काय लिहिलं होतं?" विचारतं. दहनाआधी डायरेक्टरकडून वडिलांच्या अंगठ्याचा किंवा तळहाताचा शाईचा ठसा आणि केसांची बट मागून घ्या. ते आपणहून विचारतीलच असं नाही आणि दहनानंतर मागून उपयोग नाही. सगळ्या धावपळीत तुमचा गट एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवू शकला तरी त्या मुलांच्या हाती आयुष्यभर काहीतरी राहील.

११ वर्षांच्या मुलाबद्दल. थोरला मुलगा म्हणून अग्नी त्यानेच द्यायचा, भट्टी सुरू करायचं बटण त्यानेच दाबायचं, असं भोवतालचे लोक गृहीत धरतात. "आता तूच घरातला पुरुष" हे वाक्यही त्याच्या कानावर चार वेळा पडतं. ते कुणाला बोलू देऊ नका. बटण पत्नी दाबू शकते, आजोबा, काका, कुणीही. क्रिमेटोरियमला त्याने काही फरक पडत नाही. मुलाला मनापासून करायचं असेल तर काकाच्या हाताला हात लावून करू द्या, आणि आत दार उघडतं, ज्वाळेचा आवाज आणि धग येते, हे आदल्या दिवशी सांगा. नाही म्हणाला तर फुलं वाहायचं, फोटो निवडायचं काम द्या.

पुढच्या आधारासाठी: शोकातल्या मुलांचे समवयस्क गट ही पद्धत ओरेगनमधल्या पोर्टलंडच्या डगी सेंटरने १९८२ मध्ये सुरू केली. आपल्याकडे मॉरिसटाउन आणि प्रिन्स्टनला गुड ग्रीफ ही संस्था तेच काम मोफत करते. मूल एकटं "मला काही नाही झालं" म्हणतं, पण वडील गेलेल्या दुसऱ्या मुलाशेजारी बसून माती मळताना बोलतं. शाळेच्या समुपदेशकाला मूल परत जायच्या आधी कळवा, आणि वर्गाला काय सांगायचं ते मुलालाच विचारा.

---

रश्मी_कागदपत्रं

वरच्या दोघांनी महत्त्वाचं सांगितलंच आहे, मी कागदांचं थोडक्यात लिहिते.

मृत्युदाखल्याच्या सही-शिक्क्याच्या प्रती फ्युनरल होममार्फतच १० ते १२ मागवा. बँक, विमा, ४०१(के) (नोकरीतलं निवृत्तीचं खातं), गाडी, घर, भारतातली खाती, प्रत्येकाला मूळ प्रत लागते. मेडिकल एक्झामिनरचं काम चालू असेल तर कारणाच्या जागी "पेंडिंग" येतं. त्यावर दहन होतं, पण विमा कंपनी पुष्कळदा अंतिम कारण येईपर्यंत थांबते. घरच्यांना हे आधी सांगून ठेवा. भारतात वापरायच्या प्रतीवर राज्याकडून अपोस्टिल (परदेशात कागद खरा धरला जावा म्हणूनचा सरकारी शिक्का) करून घ्या. भारत २००५ पासून अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, त्यामुळे पुढे वकिलातीच्या शिक्क्याची गरज पडत नाही.

मृत्यूची खबर सोशल सिक्युरिटीला (सरकारी पेन्शन आणि वारसा-लाभ देणाऱ्या खात्याला) बहुधा फ्युनरल होमच देतं. पण खबर म्हणजे अर्ज नव्हे, आणि इथेच घरं फसतात. मुलांचा वारसा-लाभ वेगळा मागावा लागतो, फोनवर किंवा कार्यालयात जाऊन. १८ वर्षांपर्यंत, शाळा चालू असेल तर १९ पर्यंत, प्रत्येक मुलाला वडिलांच्या मूळ लाभाच्या ७५ टक्क्यांपर्यंत मिळू शकतं. पूर्ण कुटुंबाला मिळून वरची मर्यादा आहे. मृत्यूआधीच्या ३ वर्षांत साधारण दीड वर्ष काम झालेलं असेल तरी मुलं पात्र ठरू शकतात. मूल १६ च्या आत असेल तर सांभाळणाऱ्या आईलाही लाभ असतो, मात्र तिच्या कमाईनुसार तो कमी होतो. उशीर केला तर मागचे सगळे महिने मिळत नाहीत. सोशल सिक्युरिटीकडून मृत्यूनंतर एकदाच मिळणारे २५५ डॉलर तेवढेच मिळतात, असं समजून पुष्कळ जण तिथेच थांबतात.

वडील एच-१बी (नोकरीच्या व्हिसा) वर आणि घरचे एच-४ (त्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबाच्या व्हिसा) वर असतील तर पहिल्याच आठवड्यात इमिग्रेशनच्या वकिलाला फोन करा. त्यांचा दर्जा वडिलांच्या दर्जावर उभा असतो.

---

मेधा_मदतगट

तिघांचेही मनापासून आभार. दोन शंका राहिल्या. आजी म्हणतात मुलांनी स्मशानात जायचं नाही, आपल्यात नेत नाहीत. त्यांना दुखवायचंही नाही. आणि अस्थी घरी आल्या की मुलांना काय सांगायचं? त्या भारतात न्यायच्या आहेत.

---

सुनीता_समुपदेशक

आजींशी वाद घालू नका, इथे सोपी वाट आहे. फ्युनरल होम म्हणजे स्मशान नव्हे. मुलांचा निरोप तिथेच होऊ द्या, फुलं, पत्र, नमस्कार. क्रिमेटोरियमला फक्त मोठे जातील. मुलाला यायचंच असेल तर आई ठरवेल, आणि ते आजींना आईनेच सांगावं, गटातल्या कुणी नाही.

दहनाबद्दल मुलांना सांगताना "जाळलं" हा शब्द सुरुवातीला नको, आधी "शरीराला आता काही जाणवत नाही" हे पक्कं करा. मग: "एका खास खोलीत खूप उष्णता असते. तिथे शरीराची राख होते, थोडी हाडं राहतात." प्रश्न विचारले तर खरी उत्तरं द्या.

---

वामनकाका

अस्थींबद्दल एक भर. दहनाला दोन-तीन तास लागतात आणि इथे हाडं थंड झाल्यावर यंत्रात घालून पूड करतात. आपल्याला तुकडे वेचायची सवय, त्यामुळे पिशवीतली करडी पूड पाहून आजोबा "हे काय दिलं?" म्हणतात. तुकडेच हवे असतील तर सह्या करतानाच विचारा, काही ठिकाणी ठेवून देतात. वजन मोठ्या माणसाचं साधारण दोन-तीन किलो भरतं, हातात घेताना जड लागतं, हे मुलाला डबा देण्याआधी सांगा.

विमानासाठी तांब्याचा कलश नको. सुरक्षा तपासणीत एक्स-रेमधून आरपार दिसलं पाहिजे आणि तिथले अधिकारी डबा उघडत नाहीत, तुम्ही विनंती केलीत तरी. लाकडी किंवा प्लॅस्टिकचा डबा घ्या, तांब्याचा कलश रिकामा सामानात टाका आणि नाशिकला किंवा आळंदीला पोचल्यावर त्यात भरा. डबा हातातल्या बॅगेत, सोबत मृत्युदाखला, दहनाचा दाखला आणि भारतीय वकिलातीचं पत्र. गेलेल्या माणसाचा भारतीय पासपोर्ट असेल तर तोही वकिलातीत रद्द करून घ्यावा लागतो, म्हणून तिकीट काढण्याआधी त्यांच्याकडून किती दिवस लागतील ते विचारा.

पुण्याहून न येऊ शकलेल्यांसाठी हॉलमधून थेट प्रक्षेपण लावणार असाल तर दुपारी १ ची वेळ उन्हाळ्यात भारतात रात्री साडेदहा आणि हिवाळ्यात साडेअकरा होते. कॅमेरा पेटीच्या बाजूला लावा, समोर नको. समोर लावला की मुलांचे चेहरे सगळ्या नातेवाइकांच्या फोनवर दिसत राहतात.