"एका दुपारी महिन्याचा कंटेंट" म्हणणाऱ्यांनो, आचारी कोण आणि आचार्य कोण?

शाईचा_डाग
काल व्यावसायिकांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका गृहस्थांची पोस्ट फिरत होती. "चॅटजीपीटीला विषय द्या, कॅनव्हात टेम्प्लेट निवडा, इनशॉटमध्ये रील कापा. एका दुपारी महिन्याचा कंटेंट तयार. कॉपीरायटरला पैसे मोजणं ही निव्वळ हौस." खाली अंगठ्यांची रांग.

त्याच ग्रुपवर संध्याकाळी एका केटररची जाहिरात पडली. "आमच्या अनुभवी आचार्यांच्या हातची पुरणपोळी." दंड भिंतीला टेकवून, छाटी खोचून पुरण वाटायला बसलेले आचार्यच डोळ्यांपुढे आले. अहो, आचाऱ्यांच्या! यंत्राला खुपलं नाही ते एक वेळ समजू शकते, पण टाकणाऱ्यानं वाचायचं तरी.

माझा राग टूलवर नाही, त्या "दुपारी"वर आहे. गेल्या उन्हाळ्यात मसाल्याच्या एका गिऱ्हाइकासाठी मी दोन दिवस मिरची कांडपावर जाऊन बसले. डोळे चुरचुरून लाल. मालकीण मिरच्या परतता परतता म्हणाली, "पोरांना आधी शेजारी पाठवते, ठसका लागतो." त्यातून ओळ निघाली: "ठसका आम्हाला, चव तुम्हाला." पंख्याखाली बसून टूलला विषय दिला असता तर हे कुठून आलं असतं?

रीच_वाढवा
ताई, भावना पोचल्या. हिशेब करू या? माझ्याकडे चौदा दुकानांचं काम. प्रत्येकाला आठवड्याला तीन रील, दोन पोस्ट. म्हणजे सत्तर नग. चौदा कांडपांवर कोण बसणार? पहिल्या दोन-तीन सेकंदांत बघणाऱ्याचा अंगठा थांबला नाही तर खालची ओळ कितीही सोन्याची असो, वाचतो कोण? आत्ताच तुमचा मसाला टूलला दिला. अर्ध्या मिनिटात दहा ओळी. ही घ्या: "परंपरेचा सुगंध, प्रत्येक घासात आनंद."

वरणफळ
ही ओळ आमच्या तेलवाल्याकडे आहे, लोणचेवाल्याकडे आहे. गादीवाल्यानं घासाच्या जागी झोप घातलीय.

फराळ_डोंबिवली
मी फराळ विकते, त्यामुळे मी ते गिऱ्हाईक ज्याच्या नावानं तुम्ही भांडताय. २०२० च्या जूनअखेर टिकटॉक बंद झालं, पंधरा दिवसांत इन्स्टावर रील्स आले, आणि लॉकडाऊनमध्ये माझा मुलगा म्हणाला, आई तूही टाक. फोन डब्यांच्या चळतीला टेकवून चकली पाडतानाचा पहिला व्हिडिओ केला. सोऱ्या हातातून निसटला तेही तसंच ठेवलं. त्यावर जेवढ्या ऑर्डरी आल्या तेवढ्या पुढे कधी आल्या नाहीत. नंतर एका एजन्सीला दिलं काम. त्यांनी माझ्या चकल्यांऐवजी कुठल्यातरी स्टॉकमधल्या चकल्या टाकल्या, मुरुक्कूसारख्या बारीक. गिऱ्हाइकांचे फोन, काकू रेसिपी बदलली का?
आणि ताई, तुमच्यासारखी लेखिका मला परवडत नाही. दिवाळीचे दोन महिने सोडले तर सुटतंच किती? कॅनव्हा माझ्यासाठी हौस नाही.

शाईचा_डाग
काकू, तुमचा निसटलेला सोऱ्या माझ्याच बाजूनं साक्ष देतोय!

फराळ_डोंबिवली
सोऱ्या कोणाच्याच बाजूनं नाही. तो फुकट होता, एवढंच म्हणणं आहे.

जुना_कंपोझिटर
आचार्यांवर परत येतो, कारण खरं दुखणं तिथे आहे. ऱ ला यूनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरांच्या प्रमाण यादीत, स्वतंत्र जागा आहे. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट दाबून J. पण फोनवरच्या पोरांना तो सापडत नाही, मग डोंगरातल्या दऱ्यांचा दर्या होतो. ट्रेकवाल्यांच्या रीलवर "सह्याद्रीच्या दर्यांमध्ये" वाचलंय मी. होडी घेऊन जायचं का?
दुसरं, व्हिडिओ एडिटिंगच्या प्रीमियरमध्ये मराठी टाकली की पहिली वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं सुटी होतात. प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्स, तिथे टेक्स्ट इंजिन "साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न" करा. झालं. वर्षानुवर्षं लोक श्रीलिपी सॉफ्टवेअरमध्ये टाइप करून त्याचं चित्र काढून चिकटवतायत.

रीच_वाढवा
काका, हे सोनं आहे. सेटिंग बदललं, चाललं. आमचा एडिटर कालपर्यंत प्रत्येक ओळीचा स्क्रीनशॉट लावत होता.

शुद्ध_चहा
वेलांटीचं झालं, आता ल आणि श बघा. मराठीचा ल पाकळीचा, श देठाचा. वर्णमालेचा शासन निर्णय २००९ पासून आहे. तरी निम्म्या टेम्प्लेटांत हिंदी वळणाचा ल. लक्ष्मी रोडवरच्या पाट्यांवरसुद्धा!

रीच_वाढवा
लच्या पाकळीवरून कोणी मसाला परत केलाय?

शुद्ध_चहा
तुम्ही सत्तर "नग" पाडता, तुम्हाला पाकळी दिसणार कशी?

जुना_कंपोझिटर
दोघंही थांबा. दोन्ही वळणांना यूनिकोड क्रमांक एकच आहे. फॉन्टमध्ये मराठी रूप बसवलेलं असेल आणि सॉफ्टवेअरला भाषा मराठी असल्याचं सांगितलं असेल तर पाकळी येते. टेम्प्लेट करणाऱ्यानं भाषा हिंदी ठेवली की संपलं. बरे फॉन्ट पैसे देऊनच मिळतात असंही नाही. मुंबईच्या "एक टाइप" या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेनं मुक्ता आणि बलू हे फॉन्ट फुकट दिलेत.

शुद्ध_चहा
बलू जाडजूड आहे. लग्नपत्रिकेला चालत नाही.

वरणफळ
धागा कंटेंटचा होता ना?

रीच_वाढवा
तेच म्हणतोय. इथे पाकळ्या मोजणाऱ्यांमुळेच मराठी दुकानदार मागे राहतो.

शाईचा_डाग
मागे राहतो? ऐका मग. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं. पुढच्या उन्हाळ्यात ज्या एजन्सीसाठी मी चार वर्षं लिहीत होते तिचा मेल आला. "यापुढे मसुदा एआय करेल, तुम्ही फक्त पॉलिश करा." दर पूर्वीच्या पाव पट. पहिलाच मसुदा पैठणीचा. "पैठणी ही केवळ साडी नाही, ती एक भावना आहे." दुसरा बासुंदीचा. तीही भावना. तिसरा बोअरवेलचा, आणि देवाशप्पथ सांगते, बोअरवेलसुद्धा भावना होती. पॉलिश म्हणजे सगळं पुसून पुन्हा लिहायचं, पाव दरात. आणि ते पैसेही पाच महिन्यांनी.

रीच_वाढवा
बोअरवेलला हसलो, मान्य. पैशांचं वाईट झालं, पण तो त्या एजन्सीचा नीचपणा. टूल काय तुमचं बिल अडवतं?

फराळ_डोंबिवली
ताई, एक विचारू? ती ठसक्याची रील कापली कशात?

शाईचा_डाग
…इनशॉटमध्ये. आणि मालकिणीचं दोन तासांचं रेकॉर्डिंग टूलकडून उतरवून घेतलं. "ठसका"च्या जागी सगळीकडे "टसका" आलं होतं, पण बाकी कष्ट वाचले. करा स्क्रीनशॉट.

रीच_वाढवा
केला 😄 बरं, चौदातल्या दोन दुकानांत पोरांना दिवसभर बसवून बघतो. दोनच. आणि "भावना" शब्दाला आमच्याकडे आजपासून दंड.

शुद्ध_चहा
ल?

रीच_वाढवा
नाही.

फराळ_डोंबिवली
कंपोझिटर दादा, माझ्या दिवाळीच्या पोस्टवर "करंज्या करणार्या हातांना" असं आलंय. तो अर्धा र फोनवर कुठे असतो?

जुना_कंपोझिटर
माझ्या फोनवर र दाबून धरला की वर निघतो. मग पाय मोडा, मग या.

फराळ_डोंबिवली
निघाला! करणाऱ्या. थांबा, पोस्टमध्ये चिकटवते.
आता त्या वळणदार फॉन्टमध्ये ऱ च्या जागी चौकोन दिसतोय.