मदत हवी आहे: दीड वर्षाचा नायटा, डॉक्टरांनी ट्यूब बंद केल्यावर उलट वाढलाय

शुभदा_इचल

नमस्कार. माझ्या मिस्टरांना जांघेत आणि कमरेला दीड वर्षापासून नायटा आहे. ते इचलकरंजीत लूमवर बारा तासांच्या पाळीला असतात, घामाने कपडे ओलेच.

सुरुवातीला मेडिकलमधून एक ट्यूब आणली. दोन दिवसांत खाज थांबली, चट्टे फिके पडले. लावायची थांबवली की आठवड्यात परत. मग परत ट्यूब. पंधराच्या वर तरी संपल्या असतील. हळूहळू ते पोटावर, मांडीवर पसरलं. जांघेत बाळंतपणानंतर पोटावर पडतात तशा तांबड्या रेघा उमटल्या, तेव्हा मात्र मी घाबरले.

तीन आठवड्यांपूर्वी स्किनच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सगळ्यात आधी ट्यूब बघायला मागितली आणि तिच्यावरचं बारीक अक्षर आम्हाला वाचून दाखवलं: क्लोबेटासोल. म्हणजे स्टिरॉइड, तेही सगळ्यात जोरदार गटातलं. मग चट्ट्याच्या कडेचा कोंडा ब्लेडने खरवडून काचेवर घेतला, थेंब टाकून मायक्रोस्कोपखाली बघितला. बुरशी भरपूर आहे म्हणाले. ट्यूब त्याच दिवशी बंद. इट्राकोनॅझोल 100 ची कॅप्सूल सकाळ-संध्याकाळ, स्टिरॉइड नसलेलं बुरशीचं मलम, रात्री खाजेची गोळी. किमान दोन महिने लागतील, कदाचित जास्त.

पहिले दहा दिवस चट्टे लालभडक झाले, आग व्हायची, झोप नाही. आता आग कमी आहे, पण चट्टे जवळपास तसेच. सासूबाई म्हणतात डॉक्टर बदला. परवा रात्री मिस्टर जुनी ट्यूब शोधत होते, मी ती फेकून दिली. त्यात आता धाकट्या मुलीच्या मानेवरही एक गोल चट्टा आलाय.

डॉक्टर बदलावा का? औषध आधी वाढवून मग कमी करतं, असं असतं का? कुणाला अनुभव असेल तर कृपया सांगा, मी खूप काळजीत आहे.

माणकाठ

ताई, डॉक्टर बदलू नका. मी या सगळ्यातून गेलोय. मला साडेतीन महिने लागले आणि पहिला महिना असाच गेला. मी आधी दोन डॉक्टर सोडले होते, दोन्ही वेळा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. आता कळतं की मी दर वेळी पहिल्यापासून सुरुवात करत होतो.

डॉक्टरांनी मला एक गोष्ट करायला लावली, ती आधी कुणी सांगितली नव्हती. कमरेचा करदोडा काढायला सांगितला. घामाने ओला दोरा कायम त्याच जागेवर घासतो आणि बुरशी त्यातच राहते. आईला पटत नव्हतं, पण काढला. शिवाय टॉवेल वेगळा, कपडे गरम पाण्यात वेगळे धुवायचे, उन्हात उलटे करून वाळवायचे. मलम चट्ट्याच्या बाहेर दोन बोटं लावायचं, फक्त लाल भागावर नाही.

स्किन_रेसिडेंट

मी त्वचारोग विभागात शिकतेय. इथे तपासता येत नाही, त्यामुळे निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. पण त्यांनी काय केलं ते सांगते, म्हणजे धीर येईल.

औषधाने वाढलेलं नाही, ट्यूब थांबल्याने दिसायला लागलंय. स्टिरॉइड लालपणा आणि खाज दाबतं, पण त्या जागची प्रतिकारशक्तीही दाबतं, म्हणून बुरशी आत निवांत पसरते. ट्यूब थांबली की शरीर पुन्हा तिच्याशी झगडायला लागतं, आणि स्टिरॉइडची सवय झालेली कातडीही भडकते. हे आमच्या ओपीडीत रोज बघते. 2018 मध्ये क्लोबेटासोलसारखी मलमं शेड्यूल एच मध्ये आणली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरी सर्रास मिळतात, याचा मला खरंच संताप येतो.

दुसरं, पूर्वी टर्बिनाफिन 250 ची गोळी दोन आठवडे दिली की नायटा जायचा. आता भारतात बऱ्याच जणांना ती लागू पडत नाही. ज्या एन्झाइमवर ती काम करते, तेच या बुरशीत बदललंय. या बुरशीला 2020 साली जपानमधल्या संशोधकांनी ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हे नाव दिलं. इट्राकोनॅझोल वेगळ्या एन्झाइमवर मारा करतं, म्हणून ते निवडलं असणार. दिवस मोजून ते थांबवत नाहीत, कातडी स्वच्छ होईपर्यंत देतात. मलम तर त्यानंतरही दोन आठवडे लावायचं.

आता माझे प्रश्न. कॅप्सूल जेवणानंतर लगेच घेतात का? पित्ताची गोळी चालू आहे का? हृदयाचं, कोलेस्टेरॉलचं औषध? यकृताची रक्ततपासणी झाली का?

शुभदा_इचल

पित्ताची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी घेतात, पॅन्टोप्राझोल. दोन वर्षं झाली, मेडिकलमधूनच आणतात. डॉक्टरांनी विचारलं होतं दुसरी काही औषधं चालू आहेत का, तर हे नाही म्हणाले. ती औषध वाटतच नाही ना त्यांना! कॅप्सूल कधी चहाबरोबर, कधी पाळीवरून आल्यावर. रक्त तपासलंय, बाकी औषधं काही नाहीत.

स्किन_रेसिडेंट

मग तीन आठवड्यांत फरक न दिसण्याचं हे मोठं कारण असू शकतं. ही कॅप्सूल विरघळायला पोटात आम्ल लागतं. पॅन्टोप्राझोल तेच आम्ल कमी करतं, आणि रिकाम्या पोटी तर अजून कमी शोषली जाते. उद्याच फोन करून डॉक्टरांना सांगा, पित्ताची गोळी मनाने बंद करू नका. मुलीलाही त्याच भेटीत दाखवा. वडिलांचं मलम तिला लावू नका. घरातल्या सगळ्यांचा उपचार एकाच वेळी झाला नाही तर हे एकमेकांकडे फिरत राहतं.

शुभदा_इचल

आज जाऊन आलो. डॉक्टर रागावले नाहीत, फाइलवर लाल शाईने लिहून घेतलं. पित्ताची गोळी सध्या थांबवली, कॅप्सूल दोन्ही जेवणांनंतर लगेच. मुलीला फक्त मलम दिलंय. माणकाठ दादा, करदोडा सासूबाईंनी स्वतः कात्रीने कापला.

जांघेतल्या त्या रेघा जातील का हो? तेवढंच विचारायचं राहिलं.

स्किन_रेसिडेंट

पूर्ण जात नाहीत ताई. तांबडेपणा जातो, पांढुरक्या होतात. पण ट्यूब बंद आहे तोवर नवीन पडणार नाहीत.