मदत हवी आहे: रात्री बारानंतर पुश केलं की बिल्ड फेल, सकाळी तेच पास (गिटहब ॲक्शन्स)

पावतीवाली

मंडळी, महिनाभर डोकं आपटून झालं, म्हणून विचारते आहे. लिहिणं लांबेल, पण अर्धवट माहिती दिली की पहिले दहा प्रतिसाद "लॉग टाका" यातच जातात.

आम्ही दोघं मिळून दूध संकलनाचं सॉफ्टवेअर करतो. उत्पादक कॅन घेऊन येतो, काट्यावर लिटर, मशीनवर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक), त्यावरून दर आणि हातात पावती. दर दहा दिवसांनी बिल. मागे नोड (जावास्क्रिप्ट चालवणारं) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस), पुढे रिॲक्ट (स्क्रीनवरचा भाग). परवापरवापर्यंत आमचं डिप्लॉय (नवा कोड सर्व्हरवर चढवणं) म्हणजे मी सर्व्हरवर एसएसएचने शिरून गिट पुल मारायचे आणि देवाचं नाव घ्यायचे. आता गिटहब ॲक्शन्स लावलंय, म्हणजे कोड गिटहबवर पाठवला (पुश) की पुढचं सगळं आपोआप. पुश झालं की उबुंटूच्या रनरवर (गिटहबचं तात्पुरतं मशीन) पोस्टग्रेसचा सर्व्हिस कंटेनर (टेस्टपुरता डेटाबेस) उभा राहतो, एनपीएम इन्स्टॉल होतं (लागणारी पॅकेजेस उतरतात), जेस्टच्या टेस्ट चालतात आणि ब्रांच मेन असेल तर शेवटच्या जॉबमधून सर्व्हरवर डिप्लॉय.

गोची अशी की १८६ टेस्टपैकी ठरावीक ३ टेस्ट रात्री पडतात. दिवसा कधीच नाही. तिन्ही "आजच्या पावत्या" या यादीच्या आहेत. टेस्ट एक पावती तयार करते, लगेच यादी मागवते आणि यादीत १ पावती असावी अशी अपेक्षा धरते. रात्री तिथे ० येतात. सकाळी नऊला चहा घेत घेत तीच कमिट (तोच कोड) रीरन करावी, तर सगळं हिरवं. लॅपटॉपवर मात्र रात्री दोन वाजताही पास होतात.

केलेले उपाय: टेस्टच्या आधी २० सेकंदांचा स्लीप (थांबा) टाकला, उपयोग नाही. पोस्टग्रेसची आवृत्ती बदलली, उपयोग नाही. जोडीदाराचं म्हणणं, रात्री गिटहबचे रनर मंद असतात. त्यामुळे बारानंतर पुश करायचं नाही असा आमच्यात नियमच पडलाय, आणि माझं काम तर घरातले सगळे झोपल्यावरच सुरू होतं.

जाता जाता आणखी दोन गोष्टी. बिल्डला १४ मिनिटं लागतात आणि मोफत खात्यातली महिन्याची २००० मिनिटं वीस तारखेलाच संपतात. शिवाय एका संकलन केंद्रावरचा ऑपरेटर म्हणतो, पहाटेच्या काही पावत्या छापल्या जातात पण स्क्रीनवरच्या यादीत दिसत नाहीत. ते बहुधा तिथल्या नेटचं असावं, त्याचा इथे संबंध नाही.

रिकामा_बफर

ताई, स्लीप काढून टाका. पोस्टग्रेस तयार आहे का हे विचारायची सोय आहे. सर्व्हिस कंटेनरच्या ऑप्शन्समध्ये पीजी-इझरेडीची हेल्थ-चेक कमांड द्या. मग ती पास होईपर्यंत तुमच्या पायऱ्या सुरूच होत नाहीत. आणि जॉब थेट रनरवर चालत असेल तर डेटाबेसचा होस्ट लोकलहोस्ट, पण जॉबच कंटेनरमध्ये चालत असेल तर होस्टच्या जागी सर्व्हिसचं नाव. यात भले भले अडकतात.

पावतीवाली

हेल्थ-चेक लावला. स्लीप गेला, त्याबद्दल आभार. रात्री १२:४० ला पुश केलं. त्याच ३ पडल्या. आणि नीट पाहिलं तर इतर टेस्टही त्याच डेटाबेसशी बोलतात आणि त्या पास आहेत. म्हणजे डेटाबेस बिचारा निर्दोष.

गल्लीतला_रनर

एक काम करा. ॲक्शन्सच्या टॅबमध्ये जुने सगळे फेल झालेले रन काढा आणि फक्त वेळा लिहून काढा. पहाटे साडेपाचनंतरचा एक तरी आहे का?

पावतीवाली

२३ रन निघाले. सगळ्यात आधीचा रात्री १२:०४, सगळ्यात उशिराचा पहाटे ५:२१. लिहून काढेपर्यंत माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता, लिहिल्यावर पडला. साडेपाच तास!

गल्लीतला_रनर

तेच. गिटहबच्या रनरचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) असतं. आपल्याकडे १२ तारखेचे रात्रीचे साडेबारा म्हणजे तिथे अजून ११ तारखेचे संध्याकाळचे सात. तुमचा लॅपटॉप भारतीय वेळेवर, म्हणून तिथे कधीच फेल होत नाही. वर्कफ्लोच्या फाइलमध्ये एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणून टीझेड (टाइमझोन) घाला आणि किंमत द्या एशिया/कोलकाता. एका ओळीचं काम आहे.

पावतीवाली

घातलं. रात्री १:१५ ला पुश केलं. १८६ पैकी १८६ हिरव्या! महिन्याभरात पहिल्यांदा रात्री हिरवं पाहिलं. तुम्ही कराडला आलात तर चहा माझ्याकडून. धागा बंद करायला हरकत नाही.

जेनकिन्सचा_जावई

हरकत आहे! धागा बंद करू नका आणि ती ओळ आत्ताच्या आत्ता काढा.

ताई, तुमच्या टेस्ट खरं बोलत होत्या. तुम्ही त्यांचं घड्याळ पुढे करून त्यांना गप्प केलंत. मला एवढंच सांगा: ज्या सर्व्हरवर डिप्लॉय होतं त्याचं घड्याळ कुठल्या वेळेवर आहे? क्लाउडवर उबुंटूचं तयार मशीन घेतलं तर ते सहसा यूटीसीवरच येतं आणि आपण होऊन कोणी ते बदलत नाही. तसं असेल तर तुमच्या तीन टेस्ट रनरवर जे भोगतात तेच तुमचं सॉफ्टवेअर रोज रात्री बारा ते पहाटे साडेपाच भोगतंय.

आणि आता तुमचाच प्रश्न परत वाचा, शेवटचा परिच्छेद. पहाटेच्या पावत्या छापल्या जातात पण यादीत दिसत नाहीत. "त्याचा इथे संबंध नाही" असं तुम्ही लिहिलंय.

थोडं विषयांतर. मी २०११ पासून जेनकिन्स (ॲक्शन्सचंच काम, पण आपल्या मशीनवर) सांभाळतोय, म्हणजे हडसनचं नाव बदलून जेनकिन्स झालं त्या वर्षापासून. तेव्हा बिल्डचं मशीन म्हणजे टेबलाखालचा जुना डेस्कटॉप. त्यावर भारतीय वेळ, कुणीतरी तीन वर्षांपूर्वी टाकलेली नोडची आवृत्ती, कुणाचं तरी उरलेलं कॉन्फिग. अशा मशीनवर असले बग वर्षानुवर्षं लपून राहायचे, कारण ते मशीनही आपल्यासारखंच झालेलं असायचं. गिटहबवर दर जॉबला कोरं मशीन मिळतं, त्याला आपल्या सवयी ठाऊक नसतात. त्रास होतो तो त्याचाच, आणि पैसे द्यावेत ते त्यासाठीच.

पावतीवाली

आत्ता सर्व्हरवर जाऊन डेट कमांड मारली. यूटीसी.

आणि कोडही सापडला. पावती साठवताना तारीख काढतो ती जावास्क्रिप्टच्या न्यू डेटमधून दिवस-महिना-वर्ष घेऊन, म्हणजे मशीन ज्या वेळेवर असेल ती. यादीची क्वेरी जोडीदाराने लिहिली आहे, त्याने पोस्टग्रेसमध्ये स्पष्ट ॲट टाइम झोन एशिया/कोलकाता घातलंय. लिहिणारी एका घड्याळावर, वाचणारा दुसऱ्या. लॅपटॉपवर दोन्ही घड्याळं एकच, म्हणून कळलं नाही.

बहुतेक केंद्रं सहाला उघडतात, त्यामुळे त्यांना काहीच जाणवलं नाही. हे एकच केंद्र पाचला सुरू होतं, कारण टँकर तिथे सगळ्यात आधी जातो. साडेपाचच्या आत आलेल्यांची पावती कालच्या सकाळच्या खात्यात. जो एक दिवस ५:२० ला आला आणि आदल्या दिवशी ५:४० ला आला होता, त्याच्या नावावर एकाच सकाळी दोन पावत्या. आणि दुसऱ्या दिवशी तो साडेपाचनंतर आला असेल तर ठीक, नाहीतर साखळीच. मी त्या ऑपरेटरला दोनदा फोनवर राउटर बंद-चालू करायला लावलाय. बोलायला तोंड नाही.

जेनकिन्सचा_जावई

आता टीझेडची ओळ काढलीत ना? मग दुरुस्ती अशी करा. "आज कुठली तारीख" हे ठरवणारं एकच फंक्शन ठेवा आणि त्यात एशिया/कोलकाता उघडपणे लिहा. मशीनच्या घड्याळाचा कल विचारायचाच नाही. त्या फंक्शनला वेळ बाहेरून द्या, म्हणजे टेस्टमध्ये हवी ती वेळ देता येते. १२ जून, पहाटे ५:१० अशी टेस्ट लिहा, म्हणजे यूटीसीत ११ जूनचे २३:४०. उत्तर १२ आलं पाहिजे. मग कोड चुकीचा असेल तर ती टेस्ट दिवसा दुपारी बारालाही पडेल, रात्रीची वाट पाहायला नको.

जेस्टचे फेक टायमर (खोटं घड्याळ) वापरायचा मोह होईल. डेटाबेसशी बोलणाऱ्या टेस्टमध्ये नका वापरू. घड्याळाबरोबर सेट-टाइमआउटही खोटा होतो, आणि टाइमआउटवर अवलंबून असलेली कनेक्शनं मग लटकतात.

लॅपटॉपवर रनरसारखं वातावरण हवं असेल तर कमांडच्या आधी टीझेड म्हणून यूटीसी देऊन टेस्ट चालवा. जोडीदाराचा विंडोज असेल तर त्याला डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजमधलं लिनक्स).

रिकामा_बफर

जोडीदार विंडोजवर असेल तर आजच सांगून ठेवतो. विंडोजवर फाइलच्या नावातलं कॅपिटल-स्मॉल चुकलं तरी इंपोर्ट चालतो, उबुंटूच्या रनरवर "मॉड्यूल सापडत नाही" म्हणून पडतो. नाव बदलायचं ते गिट मूव्ह वापरूनच, नाहीतर गिटला बदल दिसतच नाही.

आता मिनिटांचं. एनपीएम इन्स्टॉलऐवजी एनपीएम सीआय वापरा. ते लॉक फाइलबरहुकूम (पॅकेजेसच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी) तेवढंच उतरवतं, आणि लॉक फाइल पॅकेजच्या फाइलशी जुळत नसेल तर सरळ नकार देतं. सेटअप-नोडमध्ये कॅशचा पर्याय चालू करा. तो एनपीएमने उतरवलेल्या पॅकेजेसचा साठा जपतो, त्यामुळे दर वेळी सगळं नेटवरून येत नाही. सात दिवस कोणी हात लावला नाही तर ती कॅश पुसली जाते, तेव्हा सुट्टीनंतरचं पहिलं बिल्ड हळू झालं तर घाबरू नका. पण वीस तारखेला २००० मिनिटं संपतात हे मला पटत नाही. दोन माणसं दिवसाला किती पुश करणार? एखादा जॉब लटकलेला दिसतो का बघा.

पावतीवाली

दिसतो. एक नाही, दोन. प्रत्येकी ६ तास. ७२० मिनिटं!

रिकामा_बफर

जॉबची मुळातली मर्यादा ३६० मिनिटं आहे. टेस्ट संपल्यावर पोस्टग्रेसचं कनेक्शन कुणी बंद केलं नसेल तर जेस्ट संपल्यावरही प्रोसेस उठत नाही, ती तशीच बसून राहते आणि मीटर चालू. कनेक्शन पूल बंद करायची ओळ टेस्टच्या शेवटी घाला, आणि जॉबवर टाइमआउट-मिनिट्स २० लिहून टाका.

गल्लीतला_रनर

मीही कान धरतो, माझी एक ओळ महागात पडली असती.

भर म्हणून एक: डिप्लॉयच्या जॉबला कॉन्करन्सीचा गट द्या, म्हणजे एका वेळी एकच डिप्लॉय चालेल. तुम्ही आणि जोडीदार पाच मिनिटांच्या फरकाने मेनवर मर्ज केलंत आणि आधीचं बिल्ड रेंगाळलं, तर जुना कोड नव्याच्या डोक्यावर बसतो. फक्त चालू डिप्लॉय मध्येच रद्द करणारा पर्याय तिथे बंदच ठेवा. टेस्टच्या जॉबला तो चालू ठेवा, मिनिटं वाचतात. आणि रिॲक्टचं बिल्ड सर्व्हरवर करत असाल तर तेही रनरवर न्या. छोट्या सर्व्हरची मेमरी संपली की कर्नल तुमची प्रोसेस मारतो, आणि लॉगमध्ये फक्त किल्ड एवढाच शब्द उरतो.

पावतीवाली

किल्ड दोनदा पाहिलाय. तेव्हाही नेटला शिव्या घातल्या होत्या.

तर आजची स्थिती. टीझेडची ओळ काढली. तारखेचं फंक्शन एकच ठेवलं, ५:१० ची टेस्ट लिहिली, आधी ती जुन्या कोडवर चालवून पडते याची खात्री केली आणि मग दुरुस्ती केली. रात्री १२:५० ला पुश, हिरवं. बिल्ड १४ वरून ५ मिनिटांवर आलं. कॉन्करन्सी लावली. फ्रंटएंडचं बिल्ड रनरवर हलवायचं राहिलंय, रविवारी बसते.

राहिल्या जुन्या पावत्या. कुठली पावती खरी कुठल्या दिवसाची हे शोधता आलं, कारण तारखेच्या शेजारी तयार झाल्याची वेळ टाइमझोनसकट साठवली होती. त्यावरून ४१ पावत्या चुकीच्या दिवशी निघाल्या. चालू बिलातल्या सरळ केल्या. पण ९ पावत्या ११ आणि २१ तारखेच्या पहाटेच्या आहेत, त्या आधीच्या बिलात गेल्या आणि ते पैसे वाटूनही झाले. एकूण दूध तेवढंच राहतं, पण दोन बिलांत दर वेगळा होता, म्हणून थोडा फरक पडतो. संस्थेच्या सचिवांना यादी देऊन आले. ते म्हणाले, पुढच्या बिलात फरक म्हणून दाखवू, पण उत्पादकांना आधी तुम्ही समजावून सांगा. उद्या पहाटे पाचला केंद्रावर जाते आहे. ऑपरेटर दादांसाठी मिठाई घेऊन.