द्राक्षाचा रस तपकिरी होतो, पण दोन वाणांच्या वेगात इतका फरक कसा?

ओंजळ (प्रश्न)
नमस्कार. मुलीच्या विज्ञान प्रकल्पाच्या निमित्ताने आम्ही एक साधा प्रयोग केला आणि त्यातून उत्तरांपेक्षा शंकाच जास्त निघाल्या. दोन वाणांची हिरवी द्राक्षे खलबत्त्यात ठेचून त्यांचा रस काचेच्या पेल्यांत ठेवला. पहिल्या वाणाचा रस दहा मिनिटांच्या आत तपकिरी झाला, तर दुसऱ्याचा तासाभरानंतरही फिकट हिरवाच होता. पहिल्याच वाणाच्या दुसऱ्या पेल्यात क जीवनसत्त्वाची गोळी कुटून घातली, तेव्हा रस बराच वेळ स्वच्छ राहिला आणि मग एकाएकी काळवंडू लागला. तिसऱ्या पेल्यातला रस उकळला, तरी तोही तपकिरीच निघाला. हे विकरामुळे (एन्झाइममुळे) होते एवढे पुस्तकात सापडले; पण विकर तेच असेल तर वाणावाणांत एवढा फरक का, आणि उकळूनही ते निकामी कसे झाले नाही?

ताम्रपट
तुमच्या शेवटच्या शंकेचे उत्तर सर्वांत सोपे आहे, म्हणून ते आधी देतो. उकळल्याने विकर निकामी झालेच असणार. फक्त तोपर्यंत त्याचे काम उरकले होते. तुम्ही द्राक्षे आधी ठेचली आणि मग रस हळूहळू तापवला. कोमट अवस्थेत ही अभिक्रिया उलट अधिक वेगाने चालते, आणि एकदा तयार झालेला तपकिरी रंग उष्णतेने परत जात नाही. पुढच्या वेळी अखंड द्राक्षे दोन-तीन मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवा, गार करा आणि मगच ठेचा.

आता मूळ विकराकडे वळू. त्याचे नाव पॉलिफेनॉल ऑक्सिडेज, लघुरूप पीपीओ. त्याच्या क्रियास्थळी तांब्याचे दोन अणू असतात आणि त्यांतील प्रत्येकाला हिस्टिडिन या अमिनो आम्लाचे तीन-तीन रेणू-घटक धरून ठेवतात. हवेतला ऑक्सिजन या दोन अणूंच्या मध्ये बांधला जातो आणि त्याच्या साहाय्याने फेनॉल वर्गातील संयुगांपासून क्विनोन तयार होतात. अखंड द्राक्षात हे घडत नाही, कारण पेशीत पीपीओ लवकांमध्ये (प्लास्टिडमध्ये) असते आणि फेनॉले रिक्तिकेत (व्हॅक्युओलमध्ये) साठवलेली असतात; दोघांच्या मध्ये पटलांच्या भिंती असतात. खलबत्त्याने तुम्ही त्या भिंती पाडता. गोठवलेली द्राक्षे बाहेर काढून ठेवल्यावर न ठेचताही काळी पडतात त्याचे कारण हेच, तिथे खलबत्त्याचे काम बर्फाचे स्फटिक करतात.

रसाची आम्लता वाढवली की पीपीओ मंदावते, त्यामुळे लिंबू पिळूनही रंग रोखता येईल.

मणिबंध
ताम्रपट यांचे बाकी विवेचन पटले, पण लिंबाच्या मुद्द्याला थोडी मर्यादा घालायला हवी. द्राक्षाच्या रसाचा सामू मुळातच सुमारे 3 ते 4 असतो. पीपीओला त्याहून कमी आम्लधर्मी परिस्थिती अधिक मानवते, हे खरे. तरीही त्या सामूला ते पुरेसे चालते, नाहीतर ओंजळ यांचा पहिला पेला दहा मिनिटांत तपकिरी झालाच नसता. लिंबाचा जो परिणाम दिसतो त्यात त्यातील क जीवनसत्त्वाचाही वाटा असतो.

वाणांतील फरकाबद्दल मला अधिक रस आहे, कारण इथे सगळा दोष विकराच्या माथी मारण्याची चूक सर्रास होते. पीपीओचे प्रमाण वाणागणिक बदलतेच. पण पीपीओ फक्त क्विनोन तयार करते आणि क्विनोन म्हणजे अजून तो गडद तपकिरी रंग नव्हे. त्या क्विनोनला पुढे कोण भेटते यावर रंग ठरतो. द्राक्षाच्या गरातील मुख्य फेनॉल म्हणजे कॅफ्टारिक आम्ल, म्हणजे कॅफेइक आणि टार्टारिक आम्लांचे एस्टर. त्याचे क्विनोन तयार झाले आणि रसात ग्लुटाथायोन हे गंधकयुक्त लहान पेप्टाइड शिल्लक असले, तर ते चटकन क्विनोनला जोडले जाते आणि एक रंगहीन संयुग तयार होते. गंमत अशी, की या संयुगाला पीपीओ पुन्हा हात लावू शकत नाही, त्यामुळे ती वाट तिथेच बंद होते. ज्या वाणात कॅफ्टारिक आम्लाच्या मानाने ग्लुटाथायोन भरपूर, त्याचा रस फिकट राहतो. ग्लुटाथायोन संपले, की उरलेली क्विनोन एकमेकांशी आणि इतर फेनॉलांशी जुळत मोठे तपकिरी रेणू बनवतात. तुमच्या दुसऱ्या वाणाचे बहुधा असेच असावे, मात्र पीपीओ न मोजता ते छातीठोकपणे सांगता येणार नाही.

आणखी एक बाब तपासून पाहा: दोन्ही वाणे सारख्याच जोराने ठेचली होती का? साल आणि बिया चिरडल्या, की कॅटेचिनसारखी संयुगे रसात उतरतात. कॅफ्टारिक आम्लाचे क्विनोन त्यांचे ऑक्सिडीकरण करून स्वतः मूळ रूपात परततात आणि पीपीओला पुन्हा उपलब्ध होतात. असे चक्र सुरू झाले, की रंग फार झपाट्याने चढतो. एक वाण बियांचे आणि दुसरे बिनबियांचे असेल, तर तुमची तुलनाच फसली असे समजा.

ताम्रपट
लिंबाबद्दलची दुरुस्ती मान्य. क जीवनसत्त्वाचे राहिले होते. ते मुख्यतः विकराला अडवत नाही, तर तयार झालेल्या क्विनोनचे क्षपण (ऑक्सिडीकरणाच्या उलट क्रिया) करून त्याला पुन्हा फेनॉल बनवते आणि त्यात स्वतः खर्ची पडते. म्हणजे वरून शांत दिसणाऱ्या पेल्यात पीपीओ पूर्ण वेळ राबतच होते. गोळी संपली त्या क्षणापासून रंग साठू लागला, म्हणून तो तुम्हाला एकाएकी आल्यासारखा वाटला. सल्फर डायऑक्साइड या बाबतीत अधिक परिणामकारक, कारण ते क्विनोनचे क्षपणही करते आणि पीपीओलाही निष्क्रिय करते. मात्र बोट्रायटिस बुरशी लागलेल्या द्राक्षांत तिचे लॅकेज नावाचे विकर येते. ते सल्फर डायऑक्साइडला सहजासहजी दाद देत नाही आणि मणिबंध यांनी सांगितलेल्या त्या रंगहीन संयुगाचेही ऑक्सिडीकरण करते. प्रयोगासाठी कुजका मणी एकही घेऊ नका.

ओंजळ
दोघांचेही मनापासून आभार. आज अखंड द्राक्षे तीन मिनिटे उकळून मग ठेचली. रस थोडा गढूळ झाला, पण चार तासांनंतरही तपकिरी झालेला नाही. आणि हो, पहिले वाण बियांचे होते, दुसरे बिनबियांचे. मुलीने वहीत त्या निष्कर्षावर काट मारली आहे. उद्या बिया काढून, साली बाजूला ठेवून, फक्त गराचा रस पुन्हा लावतो.