लेखापरीक्षणात गंभीर आक्षेप निघाले, तर गावाचा वित्त आयोगाचा हप्ता थांबवावा का?

पिंपळपार (धागाकर्ता)
आमच्या ग्रामपंचायतीचा पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीवरचा लेखापरीक्षण अहवाल माहिती अधिकारात हाती आला. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. दिलं की पॅनेलची भांडणं सुरू होतील आणि मुद्दा बाजूला राहील.

अहवालातलं थोडंसं सांगतो. ४० एलईडी पथदिव्यांचं देयक अदा, जडवस्तू नोंदवहीत (टिकाऊ सामानाच्या वहीत) एकाचीही नोंद नाही. (मी संध्याकाळी फिरून मोजले. नवे दिवे २६ भरले, त्यातले दोन एका सदस्याच्या गोठ्यासमोर.) आरओ प्लांटची पूर्ण रक्कम ठेकेदाराला दिलेली, मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाची मापं लिहायची वही) ‘तपासणीस उपलब्ध करून दिली नाही’. एका गटाराचे तीन तुकडे पाडून तिन्ही कामं एकाच ठेकेदाराला. आणि पाण्याच्या बंधित, म्हणजे त्याच कामासाठी राखलेल्या निधीतून ग्रामपंचायतीच्या दारात पेव्हर ब्लॉक! कामाचं नाव काय, तर ‘पर्जन्यजल व्यवस्थापनासाठी पृष्ठभाग तयार करणे’. ज्याने हे नाव सुचवलं त्याच्या प्रतिभेला सलाम.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: २०२१-२६ या काळासाठी आयोगाने देशातल्या ग्रामीण स्थानिक संस्थांना २,३६,८०५ कोटींची शिफारस केली. त्यातला ६० टक्के बंधित, म्हणजे निम्मा पाण्यासाठी, निम्मा स्वच्छतेसाठी. उरलेला ४० टक्के अबंधित, फक्त त्यातून पगार आणि आस्थापना खर्च करायचा नाही. आपल्या राज्यात ८० टक्के वाटा ग्रामपंचायतीला, दहा-दहा टक्के पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला.

आता माझं म्हणणं. २०२३-२४ पासून अट अशी आहे की आदल्या वर्षीचे तात्पुरते आणि त्याच्या आदल्या वर्षीचे लेखापरीक्षित हिशेब ऑनलाइन असतील, त्याच संस्थेसाठी पैसे येतात. म्हणजे लेखापरीक्षण झालं की नाही एवढं बघतात. त्यात काय निघालं, ते कोणी बघत नाही. अफरातफरीचा अहवालही अपलोड झाला की अट पूर्ण! माझं मत: पैसे गेलेत पण काम दाखवता येत नाही, असा आक्षेप शिल्लक असेपर्यंत पुढचा हप्ता थांबवावा. तुम्हाला काय वाटतं?

अतिरिक्त कार्यभार
मी ग्रामसेवक. २०२४ पासून आम्हाला ‘ग्रामपंचायत अधिकारी’ म्हणतात. पाटी बदलली, काम तेच.

आक्षेप म्हणजे चोरी नव्हे हो. लेखापरीक्षक येतो तेव्हा ज्याच्या काळात खर्च झाला तो बदलून गेलेला असतो. दप्तराच्या हस्तांतरणात मला काय मिळालं? तीन गाठोडी आणि एक यादी. यादीत जे होतं ते गाठोड्यात नव्हतं. मोजमाप पुस्तिका अभियंत्याकडे असते. तो पंचायत समितीचा, त्याच्याकडे दहा-बारा गावं. पुस्तिका त्याच्या गाडीत फिरते आणि ‘उपलब्ध करून दिली नाही’ असा आक्षेप आमच्या नावावर पडतो.

शिवाय वरून हुकूम येतात ते वेगळेच. जून २०२१ मध्ये शासनाने सांगितलं की पथदिव्यांची आणि पाणीपुरवठ्याची वीजबिलं याच निधीतून भरा. महावितरण जोडण्या तोडत होतं, सरपंच संघटना ओरडत होत्या. आम्ही भरली. नंतर आक्षेप काय, तर गावाच्या विकास आराखड्यात तरतूद नसताना खर्च! आता याचं अनुपालन, म्हणजे आक्षेपाला उत्तर, मी काय लिहू? ‘हुकूम होता, साहेब’?

आणि पैसे पीएफएमएसवरून, म्हणजे केंद्राच्या ऑनलाइन प्रणालीवरून, थेट पुरवठादाराच्या खात्यात जातात. सरपंचाची आणि माझी, दोन डिजिटल सह्या लागतात. पूर्वीसारखं रोखीने खाणं राहिलं नाही.

प्रभाग तीन
भाऊ, दोन सह्यांचं कौतुक मला नका सांगू. मी निवडून आलेली सदस्य आहे. आमच्याकडे डिजिटल सहीचे दोन्ही डोंगल संगणक परिचालकाच्या टेबलाच्या खणात असतात, पासवर्ड चिकटपट्टीवर लिहून त्यालाच चिकटवलेले. सरपंचबाई कार्यालयात येतात त्या झेंडावंदनाला. सही त्यांची, बटण दाबणारा तिसराच.

स्वच्छतेच्या बंधित निधीतून घरटी दोन बादल्या वाटल्या, ओल्या-सुक्या कचऱ्याच्या. आज आमच्या आळीत एकात पेंड भिजते, दुसरीत बाजरी ठेवतात. घंटागाडीही घेतली. ती शाळेच्या भिंतीला लागून उभी आहे, कारण चालकाचा पगार या निधीतून देता येत नाही आणि घरपट्टी वसूल होत नाही. यावर एकही आक्षेप नाही. कागद पूर्ण आहेत ना! तेव्हा पिंपळपार, तुम्ही आक्षेपांवर हप्ता अडवाल, तर कागद नीट असलेली निकामी घंटागाडी सुटेल आणि कागद हरवलेली चांगली विहीर अडकेल.

पिंपळपार
ताई, घंटागाडीचं पटलं. पण कागद हरवलेली चांगली विहीर असेल तर जागेवर जाऊन मोजता येते, नव्याने मूल्यांकन करता येतं. माझे १४ दिवे कुठे जाऊन मोजू?

खडकाळ
निधी थांबवला की काय होतं ते महाराष्ट्राने पाहिलंय, नवा प्रयोग नको. निर्वाचित मंडळ नसेल तर हा निधी मिळत नाही. २०२२ मध्ये बहुतेक जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांच्या मुदती संपल्या, आरक्षणाच्या वादात निवडणुका लटकल्या, प्रशासक बसले. सर्वोच्च न्यायालयाला मे २०२५ मध्ये निवडणुका घ्या म्हणून सांगावं लागलं. तोवर त्यांचा दहा-दहा टक्के वाटा अडकला. खेळ न्यायालयात आणि मंत्रालयात, कोरडी राहिली आमची पाइपलाइन. तुमच्या उपायातही तेच. दिवे खाल्ले एकाने, अंधारात सगळं गाव.

अर्धसमास
स्थानिक निधी लेखापरीक्षेत माझी नोकरी गेली, म्हणून दोन शब्द.

ग्रामसेवक साहेबांना दप्तराबद्दल सहानुभूती आहे, पण अहवाल आभाळातून पडत नाही. आधी अर्धसमास पत्र देतो, म्हणजे मुद्द्याची लेखी विचारणा करतो. तिथल्या तिथे खुलासा करा, कागद दाखवा, मुद्दा वगळला जातो. आम्ही गावात बसलेलो असतो तेव्हा ‘साहेब, चहा घ्या’ म्हणतात, कागद देत नाहीत. मग तोच मुद्दा अहवालात गेला की लेखापरीक्षक वाईट.

पण निधी थांबवण्याला माझाही विरोध आहे. कारण सरळ आहे: गावाला शिक्षा होणार म्हटलं की लेखापरीक्षकावर दबाव येईल. आजच आक्षेप सौम्य करा म्हणून फोन येतात. उद्या आमदारांचा येईल, आणि गावाच्या भल्यासाठी म्हणून येईल. वसुली माणसाकडून करा. लेखापरीक्षेच्या १९३० च्या कायद्यात जबाबदार व्यक्तीवर अधिभार लावायची, म्हणजे नुकसान तिच्याकडून भरून घ्यायची तरतूद आहे. ती वापरत नाहीत, कारण अनुपालन गटविकास अधिकाऱ्यांमार्फत येतं आणि ‘यापुढे दक्षता घेण्यात येईल’ या एका वाक्यावर वर्षानुवर्षं फिरत राहतं.

आणखी एक. ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम ८ वाचा. आर्थिक वर्षातल्या पहिल्या ग्रामसभेपुढे मागची लेखापरीक्षण टिपणी आणि तिला दिलेली उत्तरं ठेवायची असतात. पिंपळपार, तुम्हाला अहवालासाठी माहिती अधिकार लावावा लागला, इथेच कायदा मोडला.

अतिरिक्त कार्यभार
ठेवायची असते हे मान्य. मी एकदा वाचायला घेतली. तिसऱ्या परिच्छेदाला माइक बंद पडला, पाचव्याला दोन गट खुर्च्या उचलून उभे. इतिवृत्तात ‘वाचून कायम’ लिहिलं आणि घरी गेलो. तुम्ही निवृत्त आहात साहेब, मला सोमवारी त्याच गावात जायचं असतं. अधिभार लावताना सरपंच निम्मा आणि मी निम्मा धरतात. सरपंच पुढच्या निवडणुकीत नसतो, माझ्या पगारातून मात्र दरमहा कापलं जातं.

पिंपळपार
ठीक, हप्ता थांबवण्याचा आग्रह मी जरा आवरतो, पूर्ण सोडत नाही. अबंधित ४० टक्के थांबवा, पाणी आणि स्वच्छतेचं चालू राहू द्या. पेव्हर ब्लॉकवाल्यांचा जीव अबंधितातच असतो.

खडकाळ
तुमचे पेव्हर ब्लॉक तर बंधितातून झालेत ना?

पिंपळपार
हो, खरं आहे. पण त्यासाठी त्यांना नाव शोधावं लागलं. अबंधितात तेवढेही कष्ट नाहीत.

प्रभाग तीन
हप्ता, अधिभार, सगळं तुम्ही ठरवा. मी येत्या मासिक सभेत जडवस्तू नोंदवही टेबलावर मागणार आहे. अर्धसमास काका, सदस्याने मागितली तर ‘परिचालक रजेवर आहे’ हे कारण चालतं का?

अर्धसमास
नाही. नोंदवही सचिवाच्या, म्हणजे ग्रामसेवकाच्या ताब्यात असते, परिचालकाच्या नाही. मागणी लेखी द्या, पोच घ्या, आणि सभेच्या इतिवृत्तात तुमचं नाव घालून नोंद करायला लावा. नोंद झाल्याशिवाय इतिवृत्तावर सही करू नका.